इसब आणि दारची जनावरे : प्रस्तावना

ज्या मुलखात राहते घर आणि गुरांचा गोठा यांच्यामध्ये पुष्कळदा एका भिंतीपलीकडे अंतर नसते, जेथे कुटुंबाची ऐपत जोखताना जमिनीच्या एकरांइतकाच दावणीच्या जनावरांचा विचार होतो, आणि जेथे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना घरातील लहानथोरांचे हात बैलांच्या अंगावरून फिरतात, त्या मुलखात अंगावर इसब उठलेल्या पोराच्या बापास 'जनावरांपासून पोराला दूर ठेवा' एवढाच हुकूम सोडून त्याची बोळवण करणे हे वैद्यकाच्या दृष्टीने अपुरे आणि व्यवहाराच्या दृष्टीने निष्ठुर आहे, अशी माझी धारणा असल्यामुळे हे पुस्तक लिहिण्यास मी प्रवृत्त झालो. तो सल्ला सर्वस्वी चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. काही रुग्णांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा असतो. परंतु तो कोणाच्या बाबतीत खरा, कोणत्या जनावरापुरता खरा, आणि तो अमलात आणण्यापूर्वी त्वचेचे कोणते काम आधी उरकले पाहिजे, या प्रश्नांचा निकाल न लावता दिलेला सल्ला एखाद्या घरची दुभती गाय बाजारात विकावयास लावतो आणि पोराची खाज मात्र जागच्या जागी राहते.

विवेचनासाठी मी जालना जिल्हा डोळ्यांपुढे ठेवला आहे. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचे चार तालुके आणि परभणीचा परतूर तालुका मिळून स्वतंत्र झालेल्या, आणि आज आठ तालुक्यांत विभागलेल्या या जिल्ह्यात उत्तरेस भोकरदन-जाफराबादचा चढउताराचा प्रदेश आहे, दक्षिणेस अंबड-घनसावंगीची गोदाकाठची काळी जमीन आहे, आणि मध्यभागी बियाण्यांच्या व लोखंडी सळ्यांच्या कारखानदारीने नावारूपास आलेले जालना शहर आहे. गावांत गाय, म्हैस, बैल, शेळी आणि अंगणातले कुत्रे यांचा सहवास आहे. शहरातल्या नव्या वसाहतींत मांजर आणि जातिवंत कुत्रा हौसेने घरात वागवणारा वर्ग वाढत आहे. म्हणून पाळीव प्राण्यांच्या ॲलर्जीविषयी परदेशी ग्रंथांत जे आढळते, आणि जे बहुतेक मांजर व कुत्रा यांच्यापुरते मर्यादित असते, ते येथे जसेच्या तसे उतरवून भागत नाही.

प्रथम रोगाची ओळख नीट व्हावी. आपल्या खेड्यापाड्यांत खाज सुटणाऱ्या प्रत्येक विकाराला इसब, नायटा, गजकर्ण किंवा खरूज यांपैकी कोणतेही नाव सरसकट दिले जाते, आणि त्या नावानिशी औषधही सरसकट होते. वस्तुतः नायटा वा गजकर्ण ही बुरशीची लागण आहे. खरूज ही कातडीत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्यापासून होते. ही दोन्ही एकाची दुसऱ्यास लागतात. येथे ज्या इसबाचा विचार केला आहे तो मात्र लागट नाही. तो बहुधा तान्हेपणी गालांवर सुरू होतो, पुढे कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत ठाण मांडतो, थंडीच्या कोरड्या हवेत उसळतो, आणि ज्या घराण्यात दमा किंवा वारंवार शिंका येण्याची खोड आहे त्या घराण्यात अधिक आढळतो. चरकसंहितेत 'विचर्चिका' या नावाने वर्णिलेला विकार याच्या पुष्कळ जवळचा आहे. पण तेथे त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत झालेली असल्यामुळे आणि 'कुष्ठ' या शब्दाचा पुढे एकच भयंकर अर्थ रूढ झाल्यामुळे, या निरुपद्रवी रोग्यांनीही विनाकारण समाजाची हेटाळणी सोसली आहे. शाळेत अशा मुलास वेगळ्या बाकावर बसवण्याचे काहीही कारण नाही, हे शिक्षकवर्गाने कृपया ध्यानी घ्यावे.

शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूवर एवढे का खवळते, हा प्रश्न गेल्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांसमोर स्पष्टपणे उभा राहिला. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द योजला. आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक यांनी १९२३ साली या घराणेशीर प्रवृत्तीला 'ॲटोपी' हे नाव दिले. आणि १९३३ साली तिच्याशी संबद्ध असलेल्या इसबास 'ॲटोपिक डर्मटायटिस' असे संबोधण्यात आले. परंतु या इतिहासातला मला सर्वांत हृद्य वाटणारा प्रसंग १९२१ सालचा, ब्रेस्लाऊ शहरातला आहे. तेथील हाइन्झ क्युस्टनर या वैद्यास शिजवलेला मासा मुळीच सोसत नसे. त्यांच्या रक्तातील पाण्याचा अंश, म्हणजे रक्तरस, कार्ल प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउसनिट्झ यांना मासा चालत असे. तरीही त्या एका जागी, आणि फक्त त्याच जागी, लाल गांधी उठली. दोघा मित्रांनी आपल्या अंगावर केलेल्या या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले की ॲलर्जीचे कारण रक्तात वाहणारा एक पदार्थ आहे आणि तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेता येतो. तो पदार्थ कोणता, हे कळण्यास मात्र पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वीडनमध्ये उप्साला येथे योहान्सन व बेन्निख यांनी, १९६६-६७ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे ओळखला, आणि १९६८ साली त्यास 'आयजीई' हे नाव मिळाले. रक्तातील इतर प्रतिपिंडांच्या मानाने याचे प्रमाण अत्यल्प असते, पण तो मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून बसतो आणि ओळखीचे प्रथिन समोर येताच त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. गांधी, खाज, शिंका, डोळ्यांतून पाणी हे सारे त्याचे परिणाम.

एवढे कळल्यावर दीर्घकाळ अशी समजूत राहिली की आयजीई अधिक म्हणून ॲलर्जी, आणि ॲलर्जी म्हणून इसब. ही कारणपरंपरा उलटी लावली पाहिजे, हे अलीकडच्या संशोधनाचे फार मोठे देणे आहे, आणि या पुस्तकाचा सारा डोलारा त्यावरच उभा आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या शतांशाच्या घरात जाडीचा असतो. त्यात निर्जीव, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्यांचा गिलावा असतो. मराठवाड्यातील जुन्या धाब्याच्या घरांना पांढऱ्या मातीने वर्षाच्या वर्षाला सारवण केले नाही, तर जशा भिंतींना भेगा पडून पावसाचे पाणी आत शिरते, तशीच अवस्था हा गिलावा कमी पडलेल्या त्वचेची होते : आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचे जे येऊ नये ते आत येते. १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द मिळाला, आणि बरोबर शंभर वर्षांनी, २००६ साली, स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की इसबाच्या पुष्कळ रोग्यांत 'फिलॅग्रिन' नामक प्रथिनाच्या जनुकातच वैगुण्य असते. हे प्रथिन त्या वरच्या थराला घट्टपणा आणि ओलावा देते. युरोपात या जनुकाचे जे दोष मुबलक आढळतात तेच भारतीयांत तितक्याच प्रमाणात आढळतात असे नाही. परंतु जनुक धड असले तरी कडक साबण, कोरडी हवा आणि नखांचे ओरखडे मिळून त्वचेची तीच गत करतात.

अशा भेगाळलेल्या त्वचेवर जेव्हा मांजराच्या लाळेचे किंवा गाईच्या कोंड्याचे कण पडतात, तेव्हा त्वचेच्या पेशी स्वतःच इशाऱ्याची द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने त्वचेतल्या लँगरहान्स पेशी ते प्रथिन उचलून जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात, तेथे टी-पेशींचा एक विशिष्ट वर्ग जागा होतो, आणि त्या वर्गाकडून इंटरल्यूकिन-४ व १३ ही द्रव्ये निघून आयजीईची निपज वाढते. पैकी १३ क्रमांकाचे द्रव्य त्वचेतील फिलॅग्रिन आणखी घटवते, आणि त्याच पेशींकडून निघणारे ३१ क्रमांकाचे इंटरल्यूकिन थेट मज्जातंतूंना चेतवून खाज उत्पन्न करते. खाजेने ओरखडे, ओरखड्यांनी नव्या भेगा, आणि त्या भेगांतून पुन्हा तेच कण. त्यातच स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू इसबाच्या चट्ट्यांवर वस्ती करून हे दुष्टचक्र वेगाने फिरवतात. २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेले ड्युपिलुमॅब हे औषध ४ आणि १३ या दोहोंची क्रिया रोखते आणि कित्येक बेजार रोग्यांना त्याने विलक्षण आराम पडतो, ही या उपपत्तीची मोठी प्रचीती होय. पण त्याची किंमत शेतमजुराच्या आवाक्यापलीकडची असल्यामुळे त्यावर येथे अधिक लिहिण्यात हशील नाही.

आता जनावरांकडे वळू. लोक 'केसांची ॲलर्जी' म्हणतात. परंतु अपराध केसांचा नसून केसांवर वाळलेल्या लाळेचा, घामाचा, मूत्राचा आणि कातडीच्या कोंड्याचा असतो. मांजराचे मुख्य प्रथिन 'फेल डी १' हे लाळेत आणि त्वचेच्या तैलग्रंथींत तयार होते. त्याचे कण इतके बारीक आणि हलके असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटून ज्या शाळेत मांजर कधी फिरकले नाही तेथेही पोहोचतात, आणि मांजर घरातून काढून लावल्यावरही गाद्यागिर्द्यांत महिनोन्‌महिने टिकून राहतात. कुत्रा, घोडा, गाय यांची प्रमुख प्रथिने बहुतांशी 'लिपोकॅलिन' या एकाच कुळातली आहेत. अमुक जातीचे कुत्रे ॲलर्जीविरहित असते या समजुतीपायी शहरातली मंडळी मोठी रक्कम मोजतात; त्या समजुतीस शास्त्राचा आधार मिळालेला नाही. गाईच्या कोंड्यातील 'बॉस डी २' या प्रथिनाचा कसून अभ्यास झाला तो फिनलंडमध्ये, कारण तेथे गोपालकांच्या व्यावसायिक दम्याचे ते एक प्रमुख कारण ठरले. तेथील गुरे दीर्घ हिवाळ्यात बंदिस्त गोठ्यांत कोंडलेली असतात. आपल्याकडील गुरे बाभळीखाली, उघड्या छपराखाली किंवा शिवारात असतात, त्यामुळे कोंड्याचा मारा येथे पुष्कळच सौम्य असावा, असे माझे अनुमान आहे. तथापि वैरण टाकणारे, शेणकूर करणारे आणि धार काढणारे हात मात्र त्या प्रथिनांत रोज भिजतात, आणि ते बहुधा घरातील बायकांचे असतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बजावली पाहिजे. इसबावर गोमूत्र, साय, डाळीचे पीठ, उटणे लावण्याचा शिरस्ता आपल्याकडे जुना आहे आणि त्यामागील माया खरी आहे; परंतु गुरांच्या मूत्रातही ॲलर्जी उत्पन्न करणारी प्रथिने असतात, साईत दुधाची आणि पिठात डाळीची असतात, आणि फुटलेल्या कातडीतून आत गेलेले प्रथिन शरीर शत्रू म्हणूनच ओळखण्यास शिकते. २००३ साली इंग्लंडमधील गिडियन लॅक यांनी भुईमुगाच्या ॲलर्जीच्या मुलांचा शोध घेतला तेव्हा तान्हेपणी इसबावर चोळलेल्या शेंगदाणा-तेलाच्या मलमांशी तिचा संबंध आढळून आला. जे पोटातून गेल्यास बहुधा सोसण्याची सवय लागते, तेच भेगांतून गेल्यास वैर उत्पन्न करते, असा त्यांचा सिद्धांत आहे, आणि तो पुढील अभ्यासांनी पुष्कळच बळकट केला आहे.

मग जनावरांचा सहवास वाईटच म्हणावा काय? येथे शास्त्राचा पुरावा एकमुखी नाही, आणि तो तसा नाही हे वाचकापासून लपवू नये. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांना आढळले की मोठ्या कुटुंबांतील धाकट्या भावंडांना इसब आणि शिंकांचा विकार कमी होतो. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांची २०१६ साली प्रसिद्ध झालेली तुलना तर फारच बोलकी आहे : दोघांचे रक्त आणि आहार सारखे, पण आमिश लोक गोठ्याच्या सान्निध्यात जुन्या पद्धतीने राहतात आणि हटराइटांची शेती यंत्रांवर व घरापासून दूर चालते, आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के निघाले. दुसऱ्या बाजूस कोपनहेगनच्या २००८ सालच्या अभ्यासात, ज्या बालकांत फिलॅग्रिनचे वैगुण्य होते आणि ज्यांच्या घरी जन्मतःच मांजर होते, त्यांना इसब होण्याचा धोका वाढलेला दिसला. कुत्र्याच्या बाबतीत तसे दिसले नाही. याउलट २००१ साली अमेरिकेत प्लॅट्स-मिल्स यांना असेही आढळले की मांजराचा भरपूर सहवास असलेल्या पुष्कळ मुलांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीजी जातीचे, म्हणजे त्रास न देणारे, प्रतिपिंड असतात आणि आयजीई नसते. या सर्वांतून मी काढतो तो निष्कर्ष असा, की धड त्वचेच्या बालकास गोठ्याची धूळ बहुधा हितकरच ठरते, आणि भेगाळलेल्या त्वचेच्या बालकास तीच धूळ घातक ठरू शकते; म्हणजे पहिला विचार जनावराचा करावयाचा नसून त्वचेचा करावयाचा आहे.

चाचण्यांसंबंधी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे; येथे दोन सावधगिरीच्या सूचना पुरेत. इसबात जनावरांच्या प्रथिनांना मिळणारे उत्तर दुहेरी असते : एक आयजीईचे, जे पंधरा-वीस मिनिटांत गांधीच्या रूपाने दिसते, आणि दुसरे टी-पेशींचे, जे एक ते तीन दिवसांनी इसबाच्याच रूपाने उमटते. टोचणीच्या चाचणीत पहिलेच दिसते. म्हणून ती निर्दोष आली तरी जनावर निर्दोष ठरत नाही, आणि ती सदोष आली तरी चट्ट्यांचे कारण तेच जनावर आहे असे सिद्ध होत नाही. दुसरे असे, की पोटातील जंतांमुळेही रक्तातील एकूण आयजीई भरमसाट वाढते. तेव्हा ग्रामीण भागातील मुलाच्या तपासणीत तो आकडा मोठा आला एवढ्यावरून ॲलर्जीचा निवाडा करू नये. रोग्याची हकिकत, म्हणजे तो आजोळी किंवा यात्रेला गेला असता चट्टे निवले काय, धार काढल्यावर मनगटे चुरचुरतात काय, हा कागदावरच्या कोणत्याही आकड्याहून मोठा पुरावा होय.

शिवाय जनावरांवर ठपका ठेवण्यापूर्वी या जिल्ह्याच्या बांधाबांधांवर माजलेल्या गाजरगवताचा जबाब घेतला पाहिजे. १९५६ साली पुण्याहून ज्याची नोंद झाली आणि पुढे ज्याने सारा देश व्यापला, त्या गवताच्या स्पर्शाने आणि हवेतून उडणाऱ्या त्याच्या कणांनी चेहरा, मान आणि कोपरांच्या लवणी यांवर जो विकार उठतो तो इसबाशी इतका मिळताजुळता असतो, की शेतातून परतून गोठ्यात शिरणारा माणूस गोठ्यालाच दोष देतो. त्याचप्रमाणे वासराच्या किंवा मांजराच्या अंगावरील बुरशी माणसास लागून नायटा होतो, कुत्र्याच्या पिसवांनी आणि गोचिडांनी अंगावर गांधी येतात. ही ॲलर्जी नव्हे, आणि येथे जनावराचे औषध केले म्हणजे माणसाचे निम्मे काम होते. अशा नायट्याला इसब समजून दुकानातून विचारल्यावाचून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी मात्र आत पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास अटकाव केला, तरी त्या नियमाचा अंमल अद्याप ढिला आहे. याउलट खऱ्या इसबात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य ताकदीचे स्टिरॉइड मलम हे आजही सर्वांत भरवशाचे औषध आहे. त्याचे भय बाळगून मुलास रात्रभर खाजवू देणे ही दया नव्हे.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. परदेशी पुस्तके रोग्यास दररोज टबात डुंबण्यास सांगतात. परंतु निजामी अमदानीतल्या घाणेवाडीच्या तलावावर ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या तहान भागवली, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने टँकरची वाट पाहत दिवस काढले, तेथे असे लिहिणे शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. एक बादली कोमट पाणी, साबण शक्य तितका कमी, आणि अंग टिपताच, ओल असतानाच, पांढरे व्हॅसलीन किंवा शुद्ध खोबरेल तेल सर्वांगास, दिवसातून दोन वेळा, चट्टे असोत वा नसोत : एवढे सहा आठवडे नेमाने केल्यावाचून जनावराविषयी कोणताही निर्णय घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यानंतरही हकिकत आणि चाचणी दोन्ही एकाच जनावराकडे बोट दाखवीत असतील, तर मांजरास निजण्याच्या खोलीतून बाहेर ठेवावे, धार काढण्याचे काम घरातील दुसऱ्या माणसाकडे सोपवावे, गोठ्यातले कपडे गोठ्याशीच बदलावे. आणि दम्याची जोड असेल किंवा एवढे करूनही भागत नसेल, तरच जनावर दुसऱ्या घरी देण्याचा विचार करावा. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्याने, त्वचारोगाच्या सल्ल्यासाठी प्रत्येक वेळी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची वाट धरण्याची निकड हळूहळू कमी होईल, अशी आशा करण्यास जागा आहे.

पुढील प्रकरणे घरातील बायामाणसांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत, कारण मलम लावणारे हात आणि धार काढणारे हात तेच असतात. आशा कार्यकर्त्यांनी, अंगणवाडीच्या ताईंनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांतील मंडळींनी ती वाचून दाखवावी, आणि ज्या घरात इसबापायी गाय किंवा शेळी विकण्याची भाषा निघाली असेल, तेथे बाजाराच्या दिवसाआधी एकदा जावे, ही त्यांना माझी विनंती आहे.